सरासरीत न सापडणारा तालुका

महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा समुद्रकिनारा लाभला आहे, हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केले आहे. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत आजही तोच आकडा असतो. केंद्र सरकारच्या नोंदीत मात्र हा किनारा अनेक दशके ६५२.६ किलोमीटरचा होता. अलीकडे नव्याने मोजणी झाली आणि तो ८७७.९७ किलोमीटर झाला. समुद्र पुढे आलेला नाही आणि जमीनही वाढलेली नाही. फक्त मोजपट्टी बारीक झाली. आधीच्या ढोबळ नकाशात सरळ रेघेत दबून गेलेल्या खाड्या, वळणे आणि खोबणी आता मोजल्या गेल्या.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आकडे गोळा करणे, साफ करणे आणि त्यांची बेरीज लावणे यातच माझा दिवस जातो. म्हणून ही किनाऱ्याची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आकडा खोटा नसतो, पण तो किती लांबून मोजला यावर त्यात कोण दिसणार आणि कोण गायब होणार हे ठरते. महाराष्ट्राकडे लांबून पाहिले तर मुंबई दिसते, समुद्र दिसतो, देशातली सर्वांत मोठी राज्य अर्थव्यवस्था दिसते. माझा पाथर्डी तालुका दिसत नाही. आणि पाथर्डीतला मुसलमान तर दोनदा गायब होतो. एकदा राज्याच्या सरासरीत आणि एकदा 'महाराष्ट्रातले मुसलमान' या सरासरीत.

या लेखात माझे म्हणणे एवढेच आहे की आपल्या पिढीने आपल्या तालुक्याचा भूगोल, इतिहास आणि रोजच्या कारभाराची माहिती नीट शिकून घेतली पाहिजे. परीक्षेसाठी नव्हे. आपला हिस्सा मागायचा तर तो कशातला हिस्सा आहे हे आधी माहीत हवे, म्हणून.

एका रस्त्यावर अख्खे राज्य

राज्य समजून घ्यायला मोठे पुस्तक लागत नाही. कल्याणहून निर्मळला जाणारा राष्ट्रीय महामार्ग पुरेसा आहे. पूर्वी त्याचा क्रमांक २२२ होता, आता ६१ आहे. हा रस्ता कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा, अहिल्यानगर, करंजी, पाथर्डी, पुढे माजलगाव, पाथरी, परभणी, नांदेड करत तेलंगणात उतरतो. म्हणजे खाडीजवळ सुरू होऊन तो सह्याद्री चढतो आणि थेट मराठवाडा ओलांडतो.

पावसाळ्यात या रस्त्याने एसटीने या. माळशेजला ढग गाडीच्या काचेला चिकटलेले असतात, धबधब्याखाली पोरे भिजत असतात. आळेफाट्यापर्यंत रिमझिम. नगर ओलांडले की वायपर बंद. करंजीचा घाट उतरून पाथर्डीत आलात की धुळीने स्वागत. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे सह्याद्रीला धडकतात, बहुतेक पाणी तिथेच सोडतात आणि पलीकडे कोरडे होऊन उतरतात. पर्जन्यछायेचा प्रदेश हा शब्द आपण पाचवीत शिकलो. पाथर्डी त्या छायेत आहे. आमच्याकडे सगळी भिस्त परतीच्या पावसावर, सप्टेंबरच्या शेवटावर आणि हस्तावर असते. तो आला तर ज्वारी आणि विहिरी, नाही आला तर टँकर.

राज्याचे ३६ जिल्हे आहेत. त्यातल्या फक्त सात जिल्ह्यांना समुद्र लागतो : पालघर, ठाणे, मुंबई शहर, मुंबई उपनगर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. उरलेल्या २९ जिल्ह्यांसाठी किनारपट्टीचे राज्य ही दूरदर्शनवर पाहायची गोष्ट आहे. पाथर्डीहून समुद्र सरळ रेषेत साधारण अडीचशे किलोमीटरवर आहे. देशातली सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत आणि तरी शेतीचा बहुतांश भाग आजही आभाळाकडेच पाहतो. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आमचा तालुका राहतो.

एकाच जिल्ह्यातले दोन देश

सरासरी किती फसवी असते हे पाहायला राज्यापर्यंतही जावे लागत नाही. आमचा जिल्हा पुरेसा आहे. क्षेत्रफळाने तो राज्यात सर्वांत मोठा, १७,०४८ चौरस किलोमीटरचा. त्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. राज्यातले सर्वोच्च शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर, तिथेच. प्रवरेवरचे भंडारदरा धरण तिथेच, १९२६ साली पूर्ण झालेले. त्याच तालुक्यातल्या घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्व टोकाला पाथर्डीत पडतो तो पाच-सहाशे. जिल्हा एक, कलेक्टर एक, पालकमंत्री एक, पाऊस मात्र आठ-नऊ पटींनी वेगळा. 'जिल्ह्याची सरासरी समाधानकारक' अशी बातमी आली की आमच्याकडे लोक हसतात ते यामुळे.

भंडारदऱ्याचे पाणी प्रवरेच्या कालव्यांतून खाली आले आणि मधल्या पट्ट्यात ऊस उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर लगेच विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघाला. १९५० पासून तिथे गाळप सुरू झाले. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून त्याचा उल्लेख सगळीकडे होतो, आणि तो अभिमान योग्यच आहे. पण त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडून, पाथर्डीतून आणि शेजारच्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासारमधून, ऊस तोडायला माणसे निघतात. दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोची जोडी, ज्याला कारखान्याच्या हिशोबात 'एक कोयता' म्हणतात, मुकादमाकडून उचल घेते आणि मुलाबाळांसह ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरमध्ये चढते. मार्च-एप्रिलमध्ये परत येते. पाण्याने एका तालुक्याला कारखाना दिला आणि दुसऱ्याला कोयता.

आता हा सगळा पाण्याचा आणि उसाचा पाढा मुस्लिम तरुणांना कशासाठी, असे कुणी विचारेल. या प्रश्नाचे उत्तर आमच्या बाजारपेठेत आहे.

आपला धंदा कुणाच्या पावसावर चालतो?

महाराष्ट्रातले साधारण ७० टक्क्यांहून अधिक मुसलमान शहरांत राहतात. त्यामुळे आपल्या संघटनांचे, आपल्या भाषणांचे आणि आपल्या मासिकांचेही डोळे मुंबई, भिवंडी, मालेगाव, औरंगाबादकडे असतात. ते स्वाभाविक आहे. पण २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात मुसलमान सुमारे सात टक्के आहेत आणि त्यातले बरेचसे पाथर्डी, शेवगाव, जामखेड, नेवासा अशा तालुक्याच्या गावी आणि आठवडे बाजाराच्या गावी विखुरलेले आहेत. गावात वीस घरे, कुठे पाच, कुठे एकच. तिथे मोहल्ला असा नसतो, मशिदीच्या मागची एक गल्ली असते.

ही माणसे काय करतात? बागवान फळे-भाजी विकतात, तांबोळी पानसुपारी, अत्तार मसाले-काजळ-अत्तर. पिंजारी गाद्या भरतात. कुणी कुरेशी, कुणी शिकलगार, कुणी बांगड्यांचा कासार, कुणी मोटारसायकलचा मिस्त्री, कुणी वेल्डिंगवाला, कुणी केळीची गाडी लावणारा. सातबारा फार थोड्यांकडे. मग आपला पावसाशी काय संबंध, असे वाटू शकते. प्रत्यक्षात संबंध शेतकऱ्याइतकाच घट्ट आहे. ज्वारी बुडाली तर गादी भरायला कोण येणार? उचल हातात पडते तेव्हा दिवाळीआधी बाजार फुलतो. मग चार महिने गावे रिकामी होतात आणि दुकानदार माशा मारत बसतो. कोयता परत आला की लग्नसराई सुरू होते आणि बांगड्या, भांडी, फेटे, बँड, मंडप, मटण सगळ्यांनाच काम मिळते. त्या बाजाराचे अर्थशास्त्र असे आहे की वंजारी उसतोड कामगाराची मजुरी वाढली तर तांबोळ्याचा गल्ला वाढतो.

म्हणून मला वाटते की आमच्या तालुक्यात उसतोड मजुरीच्या दराची चर्चा हा मुसलमानांचाही प्रश्न आहे. जायकवाडीचे पाणी, रस्ता, टँकर, रोजगार हमीची कामे हे सगळे मुसलमानांचेही प्रश्न आहेत. ते आपल्या निवेदनांत क्वचितच येतात. आपली निवेदने कब्रस्तानाची भिंत, शादीखाना आणि उर्दू शाळेची खोली याभोवती फिरतात. त्या मागण्याही रास्त आहेत. पण ज्या समाजाच्या मागण्या फक्त स्वतःपुरत्या असतात, त्याच्याबरोबर मोर्चात कोण चालेल?

चांदबीबीच्या महालात कोण झोपले आहे?

इतिहासाचेही असेच आहे. आपल्याकडे इतिहासाची भूक मोठी आहे, पण ती बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या तलवारींनी भागवली जाते. ते बादशहा सांगतात, आपण सुलतान सांगतो आणि दोघेही आपापल्या घरी जातात. मला हा खेळ निरुपयोगी वाटतो.

नगरहून पाथर्डीकडे येताना डोंगरावर एक उंच अष्टकोनी इमारत दिसते. सगळे तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. दर ईदला आमची पोरे तिथे फोटो काढायला जातात. ती इमारत महाल नाही आणि तिचा चांदबीबीशी संबंध नाही. ती सलाबतखान दुसरा याची कबर आहे. हा मुर्तझा निजामशहाचा वजीर होता, सोळाव्या शतकातला. त्याच डोंगराच्या परिसरात, नगर तालुक्यात, भातोडी गाव आहे. तिथला जुना तलाव याच सलाबतखानाने बांधल्याचे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये नोंदले आहे. म्हणजे राणीची शौर्यकथा आपल्या लक्षात राहिली आणि दुष्काळी मुलखात तलाव बांधणाऱ्या वजिराचे नाव त्याच्याच थडग्यावरून पुसले गेले. आपण काय लक्षात ठेवतो आणि काय विसरतो याचा यापेक्षा स्वच्छ नमुना मला माहीत नाही.

त्याच भातोडीला १६२४ मध्ये मलिक अंबरने मुघल आणि आदिलशाही फौजांना हरवले. शत्रूच्या वाटेत चिखल व्हावा म्हणून तलावाचे पाणी सोडल्याची हकिकत सांगितली जाते. मलिक अंबर हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. त्याच्या बाजूने लढत होते शहाजीराजे आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी. शरीफजी तिथेच कामी आले. या दोघा भावांची नावे नगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसातून आली, अशी भोसले घराण्याची परंपरा सांगते. श्रीगोंद्याचे शेख महंमद, 'योगसंग्राम' लिहिणारे, याच जिल्ह्यातले. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासेही याच जिल्ह्यात. निजामशाही ज्याने स्थापन केली त्या मलिक अहमदचे घराणे मूळचे पाथरीचे ब्राह्मण, आणि ही पाथरी आमच्याच कल्याण-निर्मळ रस्त्यावर पुढे लागते. विसाव्या शतकात नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले आणि मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे.

ही यादी मी अभिमानासाठी देत नाही. यातून एक साधी गोष्ट दिसते. या मुलखात 'आपला' आणि 'त्यांचा' इतिहास असे दोन वेगळे रजिस्टर कुणी ठेवलेच नव्हते. आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ चा, शेजारच्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. नाव बदलण्यामागचे राजकारण वेगळे आणि अहिल्याबाई वेगळ्या. निजामशाहीत आसपासच्या गावांतून खापरी नळांनी शहरात पाणी आणले गेले. अहिल्याबाईंनी देशभर घाट, विहिरी, बारव बांधले. दोघांचीही कीर्ती पाण्यावर उभी आहे. गावाच्या पाटीवर कुठलेही नाव असो, या मुलखात राज्यकर्त्याची परीक्षा त्याने पाणी आणले का, यावरच होत आली आहे. आजच्यांचीही त्यावरच घ्यावी.

मढीची यात्रा आणि ठरावाचा कागद

पाथर्डी तालुक्यातले मढी हे कानिफनाथांचे ठाणे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तिथे यात्रा भरते. तिला भटक्यांची पंढरी म्हणतात, कारण वैदू, गोपाळ, कैकाडी अशा अनेक भटक्या जमाती वर्षातून एकदा तिथे एकत्र येतात. गाढवांचा बाजार भरतो, तो राज्यभर प्रसिद्ध आहे. कानिफनाथांना मानणाऱ्यांत मुसलमानही आहेत आणि त्यांच्या तोंडी शाह रमजान माहीसवार हे नाव आहे. पिढ्यान् पिढ्या या यात्रेत मुस्लिम दुकानदारांनी पाल ठोकले.

२०२५ च्या फेब्रुवारीत इथल्या ग्रामसभेत मुस्लिम व्यापाऱ्यांना यात्रेत दुकाने लावू देऊ नयेत असा ठराव झाला आणि मढीचे नाव देशभरच्या बातम्यांत गेले. त्या आठवड्यात माझ्या फोनवर शेकडो संदेश आले. काही रडणारे, काही चिडलेले, काही मलिक अंबरचे चित्र लावलेले. पण ठराव टिकेल की नाही हे ठरवणारे प्रश्न फार कोरडे होते. ग्रामसभेची नोटीस नीट निघाली होती का? कोरम होता का? ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. आणि असा ठराव करण्याचा अधिकार ग्रामसभेला मुळात आहे का? ग्रामपंचायत ही राज्यघटनेच्या अनुच्छेद १२ च्या अर्थाने शासनच आहे, त्यामुळे धर्मावरून भेदभाव न करण्याचे अनुच्छेद १५ चे बंधन तिच्यावर आहे. व्यवसाय करण्याचा हक्क अनुच्छेद १९ मध्ये आहे. प्रशासनानेही तो ठराव नियमाला धरून नसल्याचीच भूमिका घेतली.

मला इथे आपल्यासाठी एक धडा दिसतो. संताप खरा होता आणि रास्तही होता. पण संतापाला कलम माहीत नव्हते. तालुक्यातल्या किती मुस्लिम तरुणांनी आयुष्यात एकदा तरी ग्रामसभेला हजेरी लावली आहे? वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. गावाचा विकास आराखडा तिथे मांडला जातो, वित्त आयोगाचा पैसा कुठे जाणार ते तिथे ठरते. आपण तिथे नसतो, आणि मग एक दिवस तिथे आपल्याबद्दल ठराव होतो. चारही सभांना जाणारी दहा माणसे गावात असतील, गटाराच्या आणि पाइपलाइनच्या चर्चेत बोलणारी, तर पाचव्या दिवशी त्यांच्याविरुद्ध हात वर करणे शेजाऱ्याला जड जाईल. अशक्य होईल असे मी म्हणत नाही. जड जाईल. सार्वजनिक जीवनात तेवढेही खूप असते.

काय शिकायचे?

'माहिती घ्या' हा सल्ला पोकळ वाटू नये म्हणून नेमके सांगतो.

पहिली गोष्ट, आपल्या गावाचा पाऊस आणि आपल्या पाण्याचा हक्क. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी पाणीवाटपाचे कलम आहे, १२(६)(ग). मेंढेगिरी समितीच्या सूत्रानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. दरवर्षी यावर नगर विरुद्ध मराठवाडा असे भांडण पेटते. पाथर्डी त्या भांडणात कागदोपत्री वरच्या बाजूला असते आणि प्रत्यक्षात तहानेच्या बाजूला. हे आपल्या तालुक्यातल्या किती जणांना मांडता येईल?

दुसरी गोष्ट, रोजगार हमी. १९७२ च्या दुष्काळात आमच्या दाद्या-नान्या खडी फोडायला गेल्या, मिलो आणि सुकडी खाऊन जगल्या. त्या दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ च्या केंद्राच्या कायद्याने तीच कल्पना देशभर नेली. ज्याच्याकडे जमीन नाही त्यालाही काम मागण्याचा हक्क या मातीतून निघाला आहे. तो आपल्याच घरातल्या बायांनी डोक्यावर पाट्या वाहून मिळवलेला आहे.

तिसरी गोष्ट, कागद. तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी अशा अनेक मुस्लिम जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा रहिवासाचा आणि जातीचा पुरावा लागतो. तो आजोबांच्या शाळेच्या प्रवेश रजिस्टरात, जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत किंवा कोतवाल बुकात सापडतो. पण आजोबांचा दाखला 'मुसलमान' एवढ्याच नोंदीवर थांबलेला असेल तर चुलत घराण्यातले कागद शोधावे लागतात. मोहल्ल्यातल्या प्रत्येक घराचा हा कागद प्रवेशाच्या आदल्या आठवड्यात न शोधता मूल पाचवीत असतानाच शोधून ठेवणे, हे काम दोन पदवीधर पोरे एका उन्हाळी सुट्टीत करू शकतात. एवढ्याने एखाद्या मुलीची इंजिनिअरिंगची फी वाचते.

हे होऊ शकते का, असे विचारणाऱ्याने हिवरे बाजारला जाऊन यावे. आमच्याच जिल्ह्यातले, आमच्याच पर्जन्यछायेतले गाव. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा तेही टँकरचे आणि स्थलांतराचे गाव होते. आज ते गाव आपला पाऊस स्वतः मोजते, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून कुठले पीक घ्यायचे ते ठरवते. आभाळातून त्यांना आमच्यापेक्षा जास्त काही मिळत नाही. त्यांनी आकडा मोजायचा ठरवला, आणि तो गावासमोर मांडायचाही. त्याच गावात एकच मुस्लिम कुटुंब होते आणि गावाने त्यांच्यासाठी मशीद बांधली, हेही सांगितले पाहिजे. ज्या गावाने पाण्याचा हिशोब सगळ्यांसमोर मांडायची सवय लावून घेतली, त्या गावाला एका घराच्या नमाजाची जागाही आपल्याच हिशोबात दिसली. या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत.

'पण माहितीने काय होणार?'

माझ्या ओळखीचे काही तरुण या सगळ्यावर थकलेले हसतात. त्यांचे म्हणणे असे की ज्याला आपण नकोच आहोत, त्याला आपण पाण्याचे कलम सांगितले काय आणि न सांगितले काय. आपण कितीही मराठी बोललो तरी 'तुमचे गाव कुठले' यानंतर 'मूळचे?' हा प्रश्न येतोच.

हा आक्षेप मी हलका मानत नाही. माहिती ही ढाल नाही. ज्याने गाडा उलटवायचे ठरवले आहे तो आधी अनुच्छेद १९ वाचत नाही. पण मी उलटा प्रश्न विचारतो. द्वेष करणारा बदलणार नाही, हे धरून चालू. तरी गावातली बहुसंख्य माणसे कोण असतात? ती द्वेष करणारीही नसतात आणि आपल्यासाठी भांडणारीही नसतात. ती आपल्या विहिरीच्या, उचलीच्या, पोरीच्या लग्नाच्या काळजीत असतात. त्यांच्यापुढे आपण फक्त आपली ओळख घेऊन उभे राहिलो तर ती बाजूने निघून जातात. त्यांच्या विहिरीबद्दल त्यांच्याइतके जाणणारा माणूस म्हणून उभे राहिलो तर ती थांबतात. संवाद तिथून सुरू होतो. 'मूळचे कुठले' याला माझे उत्तर आता ठरलेले आहे : जिथे पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही उशिरा, तिथला.

आणखी एक धोका आहे, तो आपल्या बाजूचा. आपल्यातले जे शिकतात ते निघून जातात. मीही पुण्यात आहे, कंपनीत आहे, आणि यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. पाथर्डीत रेल्वे नाही, मोठा उद्योग नाही, नगरच्या रस्त्याचे काम वर्षानुवर्षे रखडले, त्यासाठी उपोषणे झाली. माणसे जाणारच. पण गेलेल्या माणसाकडे एक गोष्ट असते जी राहिलेल्याकडे कमी असते : लॅपटॉप, वेळेवर चालणारे इंटरनेट आणि सरकारी संकेतस्थळावरचा किचकट तक्ता वाचण्याची सवय. तालुक्याचा पाऊस, गावाचा आराखडा, शाळेची पटसंख्या, रोजगार हमीची हजेरी, हे सगळे आज सार्वजनिक आहे. एका रविवारी दोन तास बसून आपल्या गावाचे एक पान तयार करा. साध्या मराठीत, मोठ्या अक्षरात. ते गावातल्या एखाद्या पोराला पाठवा आणि पुढच्या ग्रामसभेत त्याला ते वाचायला सांगा. मशिदीच्या गल्लीतल्या पोराने अख्ख्या गावाच्या पाण्याचा हिशोब वाचून दाखवला, तर लोक त्याच्याकडे बघतील.

मोजपट्टी बारीक केली तेव्हा या राज्याचा किनारा सव्वादोनशे किलोमीटरने वाढला. खाड्या तिथेच होत्या, फक्त कुणी मोजल्या नव्हत्या. तालुके आणि गल्ल्याही तिथेच आहेत. त्या मोजायला बाहेरून कुणी येईल याची वाट पाहण्यात एक पिढी गेली. पुढची ग्रामसभा कधी आहे, याची तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलेली असते. आधी ती बघून या.